पेढी आणि चित्रशाळा : वालचंदनगर ते जे. जे.

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या शिवारात, नीरेच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या मळ्यांमध्ये वालचंदनगर वसले आहे. सोलापूरच्या व्यापारी जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वडिलोपार्जित पेढीची चाकोरी सोडून रेल्वेच्या ठेकेदारीत पाऊल टाकले. पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया त्यांनी या देशात घातला. १९३० च्या दशकात साखर कारखान्याच्या निमित्ताने उभी राहिलेली ही वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साखरेबरोबरच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री येथे घडू लागली. कालांतराने अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन या क्षेत्रांसाठी लागणारे अवजड भागही येथे तयार झाले.

यंत्र घडविणाऱ्या गावाला रेखाटनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कोणताही भाग लोखंडात उतरण्यापूर्वी तो कागदावर उतरतो, आणि कागदावरची रेघ केसभर चुकली तर कारखान्यात मोठे नुकसान होते. असे असूनही, या गावच्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबांत चित्रकलेकडे पाहण्याची दृष्टी इतर गावांसारखीच आहे. मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात, हे सर्वांना मान्य असते. इंटरमीजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळाल्यास दहावीच्या निकालात सात, 'ब' श्रेणीला पाच आणि 'क' श्रेणीला तीन वाढीव गुण मिळतात. हा हिशेब घरोघरी पाठ आहे. गुण जमा झाले की रंगपेटी माळ्यावर जाते.

एका कापड-व्यापारी कुटुंबात मात्र ती पेटी माळ्यावर गेली नाही. थोरल्या कन्येने दहावीनंतर वाणिज्य शाखा घेतली, दुकानाची खातेवही संगणकावर आणली आणि त्याच वेळी मे महिन्याच्या सुट्टीत एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या उन्हाळी वर्गाला जाणे चालू ठेवले. सकाळी सात ते दहा, पत्र्याच्या शेडमध्ये, दहा-बारा मुले. पहिल्या उन्हाळ्यात माठ आणि वांगी, दुसऱ्यात झाडे आणि बैलगाड्या, तिसऱ्यात समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. तिसरा उन्हाळा संपता संपता तिने घरी सांगितले, की बारावीनंतर तिला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकायचे आहे.

घरात वादळ झाले नाही, पण शांतता झाली. व्यापारी घरांत अशी शांतता वादळापेक्षा जड असते. वडिलांचा प्रश्न उत्पन्नाचा होता, आईचा मुंबईत एकटे राहण्याचा आणि जेवणाचा. आजींचा प्रश्न सर्वांत साधा होता : "ते कुंचले कशाचे असतात गं?" अखेर वडिलांनी व्यापाऱ्याचाच मार्ग काढला. माल न पाहता सौदा करायचा नाही, आणि नाकारायचाही नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत बाहेरच्या लोकांना चित्रशाळा पाहता येतात, असे शिक्षकांनी सांगितले होते. तो मुहूर्त धरून आई, वडील आणि कन्या निघाले.

वालचंदनगरहून निघणारा प्रवासी जंक्शनच्या चौकातून बारामतीकडे वळतो आणि पुण्यास पोहोचून मुंबईची गाडी धरतो. या लोहमार्गावर चित्रकलेच्या आणि उद्योगाच्या इतिहासाची पाने आळीपाळीने उलटत जातात. लोणावळ्याच्या अलीकडे मळवली हे लहानसे स्थानक लागते. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईतून येथेच हलविण्यात आला होता. लक्ष्मी आणि सरस्वतीच्या ज्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रातील असंख्य दुकानांच्या गल्ल्यामागे लागल्या, त्यांचा उगम या छापखान्यात आहे. पुढे बोरघाट येतो. घाटातील बोगद्यांच्या कामात शेठ वालचंद यांचा ठेकेदार म्हणून वाटा होता. गाडी अंधारात शिरली की डब्यातील मुले ओरडतात. हा डोंगर फोडण्याच्या कामात आपल्या गावाला नाव देणारा पुरुष होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणारा प्रवासी गर्दीमुळे वर पाहत नाही. त्याने पाहावे. १८८८ साली पूर्ण झालेल्या या वास्तूवरील पाने, फुले, पशुपक्षी आणि जाळ्या यांच्या सजावटीत जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. थोडे उत्तरेला गेल्यावर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. तिच्या प्रवेशद्वारावरील शेतकरी व बाजारकऱ्यांची उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग या जे. जे. तील शिक्षकाच्या आराखड्यावरून झाली. स्थानकाच्या पूर्वेस, बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला वालचंद हिराचंद मार्ग आहे. वालचंदनगरच्या माणसाला तेथील नामफलक वाचून घटकाभर घरी आल्यासारखे वाटते.

स्थानकातून डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने काही मिनिटे चालले की जे. जे. चे आवार येते. बाहेर मोटारींचा कोलाहल आणि आत जुन्या वृक्षांची दाट सावली, हा बदल इतका अचानक होतो की नवखा माणूस नकळत हळू बोलू लागतो.

व्यापारी वाचकांनी या संस्थेचा जन्म ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिची कल्पना सरकारची नव्हती, चित्रकारांचीही नव्हती. ती एका व्यापाऱ्याची होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनशी कापूस आणि अफू यांच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविली आणि त्यातील मोठा भाग रुग्णालये, शाळा व पाणपुरवठा यांवर खर्च केला. १८५३ साली त्यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले. या देशाच्या कारागिरांचे हात कुशल आहेत, त्यांना शिस्तबद्ध शिक्षणाची जोड मिळाली तर उद्योग वाढेल, असा त्यामागचा विचार होता. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत रेखाटनाचे वर्ग सुरू झाले. आजची गॉथिक धाटणीची दगडी इमारत १८७८ साली पूर्ण झाली. योगायोग असा, की शेठ प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई मनोराही त्याच वर्षी पुरा झाला. मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांच्या दानाची ही दोन दगडी रूपे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

आवारात हिरव्या रंगाचा लाकडी बंगला आहे. प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी या परिसरात जन्मला. लॉकवुड किपलिंग हे त्याचे वडील. आजचा बंगला मात्र त्या काळचा नाही, तो नंतर बांधलेला आहे. पाहुणे त्याच्यासमोर छायाचित्र काढतात आणि मुख्य इमारतीकडे वळतात.

मुख्य इमारतीत शिरताच पहिली जाणीव होते ती उंचीची आणि उजेडाची. छत उंच, खिडक्या प्रशस्त. चित्रशाळेला उत्तरेचा उजेड प्रिय असतो, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि वस्तूवरची छाया तासन्‌तास फारशी हलत नाही. कापडाच्या दुकानदाराला हे समजावून सांगावे लागले नाही. रंग जुळविताना गिऱ्हाइकाला दाराशी नेऊन उजेडात कापड दाखवायचे, ही त्याची रोजचीच रीत होती.

पहिल्या वर्गात विद्यार्थी लाकडी बाकांवर घोड्यावर बसावे तसे पाय दोहीकडे टाकून बसले होते. या बाकाला येथे 'डाँकी' म्हणतात. बसणाऱ्याच्या पुढच्या टोकाला फळा टेकविण्याची सोय असते. समोर प्लास्टरचा एक पुतळा आणि त्याभोवती अर्धवर्तुळात ही मंडळी. कोणी बोलत नव्हते. एक विद्यार्थी हात लांब करून, पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरून, अंगठ्याने तिच्यावर माप घेत होता. डोक्याची लांबी किती, ती धडात किती वेळा बसते, हा हिशेब चालला होता. मुलीने वडिलांच्या कानात सांगितले, "पप्पा, हे आम्हाला सरांनी शेडमध्येच शिकवलंय."

येथे एक साम्य नजरेत भरण्याजोगे आहे. जुन्या काळी व्यापाऱ्याचा मुलगा पेढीवर बसे तो लगेच सौदे करीत नसे. आधी कित्ता गिरविणे, मग रोजमेळ उतरविणे, मग खतावणी, आणि हे सारे मुनीमजींच्या शेजारी बसून. कोणी व्याख्यान देत नसे. चूक झाली की बोट ठेवून दाखवीत. चित्रशाळेची पद्धत तीच आहे. आधी साधे आकार, मग स्थिरचित्र, मग पुतळ्यावरून रेखाटन, आणि त्यानंतर जिवंत माणूस समोर बसवून व्यक्तिचित्र. शिक्षक मागून फिरत येतात, विद्यार्थ्याच्या कागदाकडे क्षणभर पाहतात, एका रेघेवर बोट ठेवतात आणि पुढे जातात. चित्रशाळेतील शिक्षण असे पेढीसारखेच बैठकीचे आहे.

शिल्पकला विभागात ओल्या मातीचा गंध होता. मातीचे काम दिसते तेवढे मातीचे नसते. आत आधी लोखंडी सळ्या आणि तारांचा सांगाडा उभा करावा लागतो, नाहीतर ओल्या मातीच्या भाराने डोके मानेवरून घसरते. माती वाळू नये म्हणून रात्री ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवतात. मूर्ती पुरी झाली की तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात, आतील माती काढून टाकतात आणि त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर किंवा धातू ओततात. म्हणजे जी मूर्ती लोक पाहतात, ती घडविताना मूळ मातीची मूर्ती नष्ट झालेली असते. गणपतराव म्हात्रे यांनी तरुणपणी, विद्यार्थिदशेच्या काळातच, 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडविले. नऊवारीतील, पूजेला निघालेल्या त्या मराठी तरुणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सारी कलासृष्टी चकित केली होती.

रंगचित्र विभागाच्या भिंती येथून गेलेल्यांची आठवण करून देतात. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली येथे विद्यार्थी म्हणून आले, शिक्षक झाले आणि संस्थेच्या सर्वोच्च पदाची धुराही त्यांनी वाहिली. 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मकथनाचे नावच पुरेसे बोलके आहे. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके १८८५ साली याच शाळेत दाखल झाले होते. पुढे सय्यद हैदर रझा, वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी ही नावे येथूनच जगभर गेली. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यातील बऱ्याच प्रती लंडनच्या आगीत जळाल्या. राहिलेल्यांचा आधार आजही अभ्यासकांना आहे, कारण मूळ चित्रांची त्यानंतर पुष्कळ झीज झाली.

कापडाच्या व्यापाऱ्याचे पाय मात्र वस्त्रकला विभागात थबकले. हातमाग, ठसे, रंगाच्या वाट्या आणि चौकोनी कागदावर एकेक घर भरून काढलेली वेलबुट्टी. नक्षी अशी आखावी लागते, की तिची उजवी कड डाव्या कडेला बेमालूम जुळेल आणि ठसा कितीही वेळा उमटला तरी सांधा दिसणार नाही. वडिलांनी एक नमुना अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळला आणि तेथील विद्यार्थिनीला विचारले, की धुण्यात हा रंग टिकतो का. तिने उत्तर दिले, "काका, हा टिकतो. तो शेजारचा टिकला नाही, म्हणून परत केला." त्या उत्तराने ते जितके प्रभावित झाले, तितके एकाही चित्राने झाले नव्हते. माल परत करणारी, आपली खोट स्वतः सांगणारी मुलगी त्यांना कोणत्याही दुकानात चालली असती.

मृत्तिकाकला विभागात फिरत्या चाकावर भांडी आकार घेत होती आणि भट्टीतून निघालेल्या झिलईच्या बरण्या मांडल्या होत्या. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने येथे कारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या, त्यांचीच ही परंपरा. धातूच्या पत्र्यावर मागून ठोकून काढलेले उठावकाम पाहताना आईला माहेरचे चांदीचे ताट आठवले. अशाच ठोक्याच्या कामाने त्याच्या काठावर आंब्याची पाने उमटविली होती.

उत्पन्नाच्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या उपयोजित कलेच्या संस्थेत काही अंशी मिळते. व्यापाराला जाहिरात, वेष्टन, फलक आणि दिनदर्शिका लागतात, हे ओळखून १९३५ साली जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, आणि १९६१ पासून त्याची स्वतंत्र संस्था झाली. खरे पाहता, या विद्येचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक व्यापारी वर्गच आहे. दुकानाची पाटी, मसाल्याचे पाकीट, साडीची पेटी, लग्नाची पत्रिका, दिवाळीची भेट, या प्रत्येक वस्तूसाठी व्यापारी कोणाला तरी पैसे देतोच. ते काम करणारी आपल्याच घरातील असावी, हा विचार तेवढा मनात येत नाही.

तथापि, हिशेब एकाच बाजूने लिहिणे योग्य नव्हे. कलेच्या पदवीला पहिल्या महिन्यापासून ठरलेला पगार मिळेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च शुल्काहून वेगळा असतो आणि तो दर महिन्याला येतो. मुंबईत राहण्याचा खर्च त्याहून मोठा. २०२३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा बदलाच्या काळात प्रवेशाची रीत आणि शुल्क यांची माहिती ऐकीव न ठेवता प्रत्यक्ष कार्यालयातून घ्यावी, हे उत्तम. मुलीच्या वडिलांनी तसेच केले. खिशातील लहान वहीत त्यांनी चार वर्षांचा अंदाज मांडला, त्याखाली रेघ ओढली आणि वही मिटली.

राहिला आजींचा प्रश्न. तो हसून सोडण्याजोगा नव्हता. चित्रकाराचे मऊ कुंचले परंपरेने खारीच्या किंवा तत्सम प्राण्यांच्या केसांचे असतात, जाड कुंचले डुकराच्या राठ केसांचे. रेशमाचा प्रश्नही तसाच. अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या घरात ही विचारणा होणे स्वाभाविक आहे. मुलीने ती चित्रशाळेतच केली. एका विद्यार्थ्याने आपली पेटी उघडून दाखविली. तिच्यात निम्म्याहून अधिक कुंचले कृत्रिम धाग्याचे होते. ते आता सहज मिळतात आणि जलरंगासाठी चांगले चालतात, असे त्याचे म्हणणे. वस्त्रकलेत सुताचे काम भरपूर आहे. पाळायचे ठरविले तर पाळता येते, एवढे तेथे स्पष्ट झाले.

"चित्रकला आपल्या घराण्याचा विषय नाही" असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. पश्चिम भारतातील जुन्या चित्रकलेचा मोठा साठा कल्पसूत्रासारख्या सचित्र पोथ्यांत टिकून राहिला, आणि त्या पोथ्या लिहवून-रंगवून घेणारे यजमान बहुतांशी व्यापारी श्रावक होते. शास्त्रदानाच्या पुण्यबुद्धीने त्यांनी लेखकाला आणि चित्रकाराला वर्षानुवर्षे काम दिले. विदर्भातील कारंज्याचे ग्रंथभांडार आजही अशा निष्ठेची साक्ष देते. वेरूळच्या इंद्रसभेत छतावर रंगांचे अवशेष आहेत, तेही कोणाच्या तरी द्रव्याने आणि कोणाच्या तरी हाताने उमटले. द्रव्य देणाऱ्याचे आणि हात चालविणाऱ्याचे घर वेगळेच असले पाहिजे, असा नियम कोणत्याही ग्रंथात नाही.

परतीच्या गाडीत वडील बराच वेळ गप्प होते. कर्जत गेल्यावर त्यांनी मुलीला एकच गोष्ट विचारली : ज्या कागदावर सरांनी बोट ठेवले, त्या मुलाची चूक काय होती? मुलीने सांगितले की खांद्याची रेघ चढी झाली होती, त्यामुळे पुतळा उभा असूनही कलल्यासारखा दिसत होता. "तुला ते तेव्हाच दिसलं?" त्यांनी विचारले. ती 'हो' म्हणाली. वडिलांनी मान हलविली. खोटे नाणे हाताला ओळखू येऊ लागले की मुलगा गल्ल्यावर बसायला योग्य झाला, असे त्यांचे वडील म्हणत असत.

घरी अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे. आजींनी अट घातली आहे की राहण्याची सोय सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल अशा ठिकाणी व्हावी, आणि मुंबईतील नातेवाइकांकडे तशी चौकशी सुरू झाली आहे. आईने प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी सकाळचे दोन तास दुकानाच्या कामातून मोकळे केले आहेत. वडिलांनी सांगितले आहे की नक्षीचा एक नमुना तिने आधी स्वतः कापडावर छापून दाखवावा. तो दुकानात मांडला जाईल आणि गिऱ्हाईक काय म्हणते ते पाहिले जाईल. मुलीने सुती कापडाचे पाच मीटर मागितले. वडिलांनी ते मोजून दिले, आणि वहीत तिच्या नावावर लिहिले.